एकसष्ट नंबरची सही

प्रिय तेजू,

फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं ते पप्पा पत्रात का लिहीत बसलेत, असं तुला वाटेल. पण आपलं फोनवर काय बोलणं होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस जेवलात का, मी म्हणतो जेवलो. मी विचारतो मेसचं जेवण बरं आहे का, तू म्हणतेस बरं आहे. मग ज्याला आधी सुचेल तो म्हणतो, आवाज तुटतोय, ठेवतो. गेलं दीड वर्ष आपण बापलेकीनं मिळून त्या मोबाईल कंपनीवर फुकटचा आळ घेतलाय. म्हणून हे पत्र. तुझ्या बारावीच्या उरलेल्या फुलस्केप पानांवर लिहितोय, समास तूच आखून ठेवलेले आहेत. बसलोय यवतच्या मोटार वायंडिंगच्या दुकानातच. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, त्यामुळं जळालेल्या मोटारी सकाळी सकाळी येऊन पडतात, आणि दुपारी हायवेवरच्या गाड्या बघण्यापलीकडं मला फारसं काम नसतं.

तुझा अहवाल मिळाला. शेजारच्या अयुबभाईंच्या झेरॉक्सवर त्याची प्रिंट काढून घेतली. मोबाईलवर वाचायला माझे डोळे आता पुरत नाहीत. अयुबभाईंनी माझ्याआधी वाचला आणि म्हणाले, दत्ताभाऊ, पोरगी कलेक्टर होणार, लिहून ठेवा. 'ग्रामसभा आणि लोकसहभाग : एक अभ्यासदौरा' हे नाव मला जरा जड वाटलं, पण आत तू साधं लिहिलंयस. कॉलेजात पहिला नंबर आला आणि आता दहा ऑक्टोबरला पुण्यात सगळ्या कॉलेजांसमोर वाचायचा आहे, हे सांगायला तू फोन केलास तेव्हा तू सतरा मिनिटं बोललीस. आई गेल्यापासून इतकं तू माझ्याशी बोलली नव्हतीस. चौथ्या पानावरचं 'मयतांची हजेरी' तू मला वाचूनसुद्धा दाखवलंस. आणि शेवटी म्हणालीस, त्या म्हाळूकाकानं माझ्या मेलेल्या आईलासुद्धा सोडलं नाही, पप्पा. त्यावर मी नुसतं हं म्हटलं. तो हं मला आजपर्यंत टोचतोय.

आधी गावची खबर सांगतो, कारण ती तुझ्या अहवालात आलेली नाही. म्हाळूला तुमच्या दौऱ्याची बस गेली त्याच्या मागोमागच घरी बसवलं. खोटी सही केल्याची चौकशी आहे. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याला कायमचं काढायचा ठराव येणार, सरपंचबाईंच्या मालकांनी तसं चौकात बोलूनही दाखवलंय. सत्तावीस वर्षं ग्रामपंचायतीचा शिपाई होता तो. पाण्याचे व्हॉल्व्ह कुठं कुठं गाडलेत ते फक्त त्यालाच माहीत, त्यामुळं सध्या गावात पाणी देवाच्या मर्जीनं येतं. परवा वरच्या आळीला पहाटे साडेतीनला आलं, खालच्या आळीला आलंच नाही. बायका शिव्या म्हाळूलाच देतात, हे विशेष. आणि म्हाळू अठ्ठावन्नाव्या वर्षी चौफुल्याजवळच्या गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड घालायला जातो. परवा रस्त्यात भेटला, भुवया जळलेल्या होत्या. मला बघून हसला. मला हसता आलं नाही.

तो बावीस ऑगस्टचा दिवस तू लिहिलास तसा मीही लिहू बघतो, फक्त माझ्या खुर्चीवरून. तुमच्या सरांनी अभ्यासदौऱ्यासाठी गाव सुचवा म्हटल्यावर तू हात वर करून आपल्या गावाचं नाव सांगितलंस, हे मला तुझ्या मैत्रिणीनं त्या दिवशी सांगितलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू संक्रांतीला येऊन गेली होतीस, त्यानंतर उंबरा ओलांडला नव्हतास. मी तुला कधी विचारलं नाही, कारण या घरात यायला तुला काय होतं ते मला कळतं. मलाही रोज संध्याकाळी कुलूप काढताना तेच होतं. पण त्या दिवशी म्हटलं, सकाळी दौंडची पंचायत समिती बघून दुपारी पोरं गावात येणार, सभा होणार, चारपाचला सुटणार, मग एवढ्या लांब आली आहे तर पोरगी एक रात्र राहीलच. दोन दिवस आधी घर धुऊन काढलं. तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, तो उतरवून बेअरिंग बदललं. आणि मी पुरणपोळी केली. हसू नकोस. फोनवर बघून केली, पहिल्या चार गाईलाही देववेनात अशा झाल्या, पण पुढच्या सहा बऱ्या होत्या.

सभेत मी मागून तिसऱ्या रांगेत होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. तुम्ही बावीस जण भिंतीला ओळीनं बसला होता आणि सरांनी दिलेला तक्ता भरत होता, पुरुष किती, बायका किती, किती जण बोलले. भाऊसाहेब ग्रामसेवकांनी मोठेपणानं आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेचं हजेरी रजिस्टरसुद्धा तुमच्या हातात दिलं, बघा म्हणाले, एकशे चार महिला हजर. कुठलंही कॉलेजचं पोर ते उघडून नावं वाचत बसेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तू बोट ठेवून वाचत होतीस ते मी लांबून बघत होतो. मला वाटलं, शेजारच्या काकूंची, मामींची नावं बघून पोरीला गंमत वाटत असेल. मग तुझं बोट थांबलं.

तू उठलीस तेव्हा मला कळायला हवं होतं. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. म्हणालीस, मी या गावची मतदार आहे, मला एक प्रश्न विचारायचा आहे. एकसष्ट नंबरला सिंधू दत्तात्रय असं नाव आहे आणि पुढं सही आहे. ती माझी आई. ती मागच्या वर्षी नऊ फेब्रुवारीला वारली. ती काल सभेला कशी आली, हे मला सांगा. कुणीतरी मागं फिसकन हसलं. भाऊसाहेबांनी म्हाळूकडं बघितलं. आणि म्हाळूनं, तेजू, माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी वर पंख्याकडं बघितलं. ग्रामपंचायतीच्या त्या पंख्याचं कॅपॅसिटर गेलंय, म्हणून तो गरगर न फिरता रेंगाळतो, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं. आयुष्यात इतक्या बारकाईनं मी कुठला पंखा बघितला नसेल. तेवढ्यात म्हाळू म्हणाला, "माज्याच हातनं झालं सायब. चुकलं." आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यात मीही होतो.

त्यानंतर काय झालं ते तू लिहिलंयस, टाळ्या वाजल्या, सरांनी तुझी पाठ थोपटली. मी बाहेर बसजवळ आलो होतो. घरी चल म्हणणार होतो, पण तू खिडकीत बसली होतीस, डोळे लाल होते, आणि मला वाटलं, हिनं आत्ता मला काही विचारलं तर मी काय सांगू. म्हणून मी नुसता हात केला. बस न्हावऱ्याच्या दिशेनं शिरूरला निघून गेली. पुरणपोळ्या मी दोन खाल्ल्या, दोन अयुबभाईंना दिल्या, दोन तशाच वाळल्या. तुझ्या खोलीतला पंखा चालू करून बसलो थोडा वेळ. आवाज अजिबात येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

आता तुझ्या आईबद्दल लिहितो, जे आपण दोघं कधी बोलत नाही. सभेला शंभर माणूस लागतं, आणि शंभर माणूस आपल्या गावात फक्त जेवणावळीला जमतं, हे तुझ्या अहवालात आलंच आहे. म्हणून म्हाळू आदल्या दिवशी रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारोदार फिरतो, त्याला सुतळीनं पेन बांधलेलं असतं, आणि बाया चुलीवरचं काम न सोडता हात पुसून सह्या करतात. मतदार यादीवरून उतरवलेली नावं असतात, त्यात कोण परगावी आहे, कोण वर गेलंय, कुणी बघत नाही. सगळं गाव असंच करतं. एकटी तुझी आई करायची नाही. म्हाळू दारात आला की ती त्याला परत पाठवायची. म्हणायची, "म्या येनार हाय उद्या. तितंच करीन सही. माणूस न्हाई तर सही कशाची?" आणि खरंच जायची, पुढं बसायची, आणि धुण्याच्या घाटावरच्या दिव्याचं विचारायची. तीन वर्षं तिनं एकच दिवा विचारला. शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून त्यांनी लावला. तू उभी राहिलीस ना, तेव्हा मला वाटलं, हिला राज्यशास्त्र कॉलेजात कशाला शिकवायला पाहिजे.

ती गेली तेव्हा तुझी बारावीची परीक्षा बारा दिवसांवर होती. चार दिवसांच्या तापानं माणूस जातं का, असं आपण दोघंही एकमेकांना न विचारता विचारत राहिलो. तू पेपर दिलेस, कसे दिलेस तुझं तुला माहीत, आणि मग सुट्टीसाठी मावशीकडं गेलीस. मी घरी एकटा. लोक आधी येत होते, मग हळूहळू त्यांनी तिचं नाव काढायचं बंद केलं. माझ्यासमोर तर मुद्दाम काढत नव्हते. मला दुखू नये म्हणून असेल. पण तेजू, एका माणसाचं नाव बावीस वर्षं दिवसातून शंभर वेळा ऐकायचं आणि मग एकदम कुणीच घ्यायचं नाही, हे फार वाईट असतं. भाजीवाली आता मला काका म्हणते. आधी सिंधूताईंचे मालक म्हणायची.

एप्रिलच्या अखेरीला, एक मेच्या ग्रामसभेच्या आधी, एका दुपारी मी घरातच होतो. बाहेरून हाक आली, "वैनी, सभा हाय उद्या." म्हाळूच तो. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली आणि पाय वाजू न देता मागं फिरायला लागला. मी दार उघडलं आणि म्हणालो, थांब. आण इकडं. त्यानं रजिस्टर पुढं केलं. तिचं नाव होतं, यादीतलं, सरळ अक्षरात. पुढं जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेकडं मला बघवेना. मी पेन घेतलं आणि सही केली. मी चहा ठेवला, दोघं ओट्यावर बसून प्यालो आणि तो घाटावरच्या दिव्याचं बोलला, वैनींनी कसं भाऊसाहेबांना घाम फोडला होता ते सांगितलं, आणि मी हसलो. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

तर ती सही मी केली. ती आणि त्यानंतरच्या पाचही. मे, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी, परत मे आणि ही तुला सापडलेली. म्हाळू दर वेळी मुद्दाम बाहेरूनच हाक मारायचा, "वैनी, सभा हाय." मी दार उघडायचो. वर्षातून चार वेळा कुणीतरी माझ्या दारात उभं राहून तुझ्या आईला बोलवत होतं, आणि मी तिच्या वतीनं ओ देत होतो. त्या दिवसाची मी वाट बघायचो, हे लिहायला मला लाज वाटते, पण आता लिहायचं म्हटल्यावर सगळंच लिहितो. तिला हे कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं. जिनं जिवंतपणी एकदाही दारात सही केली नाही, तिला मी मेल्यावर सहा वेळा करायला लावली. म्हाळूचा गुन्हा एवढाच की त्यानं मला अडवलं नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो होतो. म्हणालो, मी सांगतो खरं काय ते. त्यानं मला बसूसुद्धा दिलं नाही. म्हणाला, "दत्ताभाऊ, तुमी कायबी बोलू नका. पोरीनं आईच्यासाठी तोंड उघडलं. आता तिच्याम्होरं बापाची मान खाली नको. माजं काय, मी कुटंबी पोट भरीन." आणि मी, तेजू, ते ऐकून घरी आलो. महिना झाला. रोज स्वतःला सांगतो, त्याचीच तशी इच्छा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्यासी स्वतःच फासाला मान देऊन उभा राहिला आणि चोर घरी येऊन भात खायला लागला. गेल्या आठवड्यात एकच मोटार मी दोनदा चुकीची भरली, तीही तुझ्या जन्माच्या आधीपासून भरत आलोय ती पाच एचपीची. शेतकऱ्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून मला कळलं की हे असं पुढं चालायचं नाही. आणि खरं सांगू, म्हाळूच्या उपकारापेक्षा तुझं ते वाक्य मला जास्त छळतं. तू एका भल्या माणसाचा तिरस्कार करतेस, आणि तो मी तुला करू देतोय.

म्हणून काल मी सरपंचबाईंच्या हातात अर्ज दिला, दोन ऑक्टोबरच्या सभेत मला बोलायचं आहे म्हणून. उभा राहून सगळं सांगणार आहे. गाव चार दिवस हसेल, जी काय कारवाई व्हायची ती माझ्यावर होऊ दे. तुझं चौथं पान त्यामुळं बदलावं लागेल, याचं मला वाईट वाटतं, पण वाटलं तर माझं नाव घालून लिही, ते जास्त खरं होईल. हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये एवढं मला वाटत होतं. पण नुसत्या त्यासाठी पत्र लिहिलं नसतं, मनाचा हिय्या करून फोनवर सांगितलं असतं. अंगणवाडीच्या गौतमीबाईंनी मतदार यादीतून नाव वगळायचा फॉर्म परवा मला पुन्हा आणून दिला. ही चौथी वेळ. आधीचे तीन मी हरवले म्हणून सांगितले होते. हा मी भरला. तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, अर्जदाराचं नातं लिहिलं. खाली कारणांचे चौकोन आहेत आणि त्यातल्या पहिल्यात खूण करायची आहे. त्या चौकोनापुढं एकच शब्द छापलाय. दोन दिवस झाले, पेन तिथपर्यंत नेतो आणि परत आणतो. सभेत मी एकटा उभा राहीन, तिथं मला कुणी लागत नाही. हे मात्र मला एकट्याला होत नाही, बाळा. एक तारखेला दुपारच्या शिरूरच्या गाडीनं ये. चौफुल्यावर मी गाडी घेऊन उभा असेन. रागावली असशील तर रागावलेलीच ये, वाटेत बोलली नाहीस तरी चालेल. खूण मीच करीन. तू फक्त शेजारी बस.

तुझाच, कसाही असला तरी तुझाच,
पप्पा